पक्कं, बरं, कच्चं

लातुरात राहायचं, कॉलेजात फिजिक्स शिकवायचं आणि तरीही स्वतःचा क्लास काढायचा नाही, हा गुन्हा आहे की आजार, यावर आमच्या गल्लीत बरेच दिवस एकमत होत नव्हतं. शेजारचे दगडोबा, म्हणजे एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, आजार म्हणणाऱ्यांच्या बाजूचे. "सरांला जमत न्हाई बिचाऱ्यांला," असं ते आल्यागेल्याला माझ्यादेखत सांगत आणि वर मला तब्येत सांभाळायला सांगत. नांदेडहून, मुदखेडहून, उदगीरहून पोरं ट्रंका आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन स्टँडवर उतरत होती, ज्याच्या घराला जिना आहे तो वरच्या खोल्या भाड्याने देत होता, आणि मी संध्याकाळी अंगणात जाईच्या वेलाला पाणी घालत होतो. माझ्या स्वाभिमानाचं हे दर्शन लोकांना फारसं रुचत नसे.

क्लास माझ्या पत्नीचा होता, पण तो चार ते सहा वर्षांच्या पोरांचा. जगदेवीबाईंचा बालवर्ग. गाणी, गोष्टी, मातीचे बैल आणि दुपारी घरून आणलेला डबा, एवढाच अभ्यासक्रम. गुरुपादप्पांच्या नव्या तीन मजली बिल्डिंगचा तळमजला तिने भाड्याने घेतला होता. वरच्या दोन मजल्यांवर गुरुपादप्पा आणि कमलम्मा या नवराबायकोचं बिऱ्हाड सोडलं तर भावी डॉक्टर राहत. ते रात्रभर जागून पाठ करत आणि सकाळी आमच्या पोरांची बडबडगीतं ऐकत दात घासत.

हे सगळं सुरळीत चाललेलं मन्मथला बघवलं नाही. मन्मथ माझाच विद्यार्थी. बारावीत असताना तो मला "सर, हे परीक्षेत येणार का?" एवढा एकच प्रश्न विचारत असे आणि त्या एका प्रश्नावर त्याने पुढे समोरच्या रस्त्याला क्लासचे दोन हॉल बांधले. आता त्याने नवा फलक लावला होता, 'फाउंडेशन : बालवर्गापासून मेडिकलपर्यंत'. पाळण्यातून उतरलेलं पोर एका दाराने आत न्यायचं आणि दुसऱ्या दाराने डॉक्टर करून बाहेर काढायचं, अशी ती योजना होती. त्यासाठी त्याला गुरुपादप्पांचा तळमजला हवा होता. जगदेवीच्या वर्गातल्या पोरांचे पालक एकेक करून त्याच्याकडे जायला लागले.

शेवटी गुरुपादप्पा स्वतः आले. उंच, वाळके गृहस्थ, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं निलंग्याकडचं. "बाई, मी वाईट माणूस न्हाई," ते म्हणाले. "दिवाळीपर्यंत बघतो. पोरं टिकली तर राव्हा. न्हाई टिकली तर मन्मथ सरला देतो. त्याचं पण चाललंय मागं."

त्या रात्री जगदेवीच्या भाकरी जाड झाल्या. आमच्या घरात दुःख भाकरीतूनच कळतं. पंचवीस वर्षांच्या संसारात ती माझ्यासमोर रडल्याचं मला आठवत नाही. एवढी जाड भाकरी मात्र मी सासू गेल्यानंतर पहिल्यांदाच खात होतो. तो बालवर्ग म्हणजे तिचं सगळं काही होतं. आम्हाला मूल नाही. एवढं सांगितलं की पुढचं सांगायला नको.

तिसरी भाकरी घशाखाली उतरवताना मला कल्पना सुचली. माझ्या बऱ्याच कल्पना जेवताना सुचतात आणि त्या पचायला जड जातात. "पालकांना विज्ञान पाहिजे ना?" मी म्हणालो. "मी येतो. मी शिकवतो विज्ञान."

"चार वर्षांच्या पोरांला?"

"का नाही? पदार्थांचा कणखरपणा. रोजच्या वस्तू घ्यायच्या, तपासायच्या, वर्गवारी करायची."

"आधी त्यांच्याकडून कणखर म्हणवून घ्या," ती म्हणाली. पण चौथी भाकरी जरा पातळ झाली. तिला कल्पना आवडली होती.

मी रीतसर तयारी केली. नख मारून बघायचं, वाकवून बघायचं, ठोकून बघायचं आणि आपटून बघायचं, अशा चार कसोट्या. समोर तीन टोपल्या, पक्कं, बरं आणि कच्चं. तपासलेली वस्तू पुन्हा तपासली जाऊ नये म्हणून तिच्यावर खूण करायची. पक्क्यावर खडूने गोल आणि कच्च्यावर गेरूने फुली. गेरूची कल्पना खास माझी. लाल रंग उठून दिसतो, असा माझा शास्त्रीय युक्तिवाद होता. जगदेवी म्हणाली, "गेरू कशाला? पेन्शील न्हाई का?" तेव्हा मी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मला नंतर फार महागात पडली.

पहिल्या दिवशी पोरांनी घरून वस्तू आणल्या. नारळ, पापड, कुलूप, पणती, कपबशीतली नुसती बशी, रबरी चप्पल. नासिर बांगडीवाल्याची लायबा काचेची, लाखेची आणि धातूची अशा तीन बांगड्या घेऊन आली. ही पोरगी पाच वर्षांची, पण चौकशी समितीवर नेमलेल्या न्यायाधीशासारखी गंभीर. बारावीला मी स्थितिस्थापकत्व शिकवतो तेव्हा पंख्याखालची पोरं झोपतात. इथे एकही झोपला नाही. लायबाने बशीला नख मारलं. ओरखडा उठला नाही. चपलेला मारलं, उठला. मग तिने दोन्ही उचलून फरशीवर आपटलं. बशीचे तुकडे झाले, चप्पल उडी मारून तिच्या पायाशी येऊन पडली.

"सर," ती म्हणाली, "टणक हाय तेच फुटतंय."

कठीण असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं, हे समजावताना माझी दर वर्षी दोन तासिका जातात. मला एकदम भरून आलं. मी तिला शाबासकी देत होतो, आणि नेमक्या त्याच वेळी दगडोबांच्या नातवाने, सत्यमने, खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि आतली वस्तू खिडकीच्या कट्ट्यावर आपटली. ती दगडोबांची कवळी होती.

कवळीचे पुढचे दोन दात निखळले. पोरांनी चर्चा करून ती 'बरं'च्या टोपलीत ठेवली, कारण दाढा शाबूत होत्या. संध्याकाळी दगडोबा तोंडाला उपरणं लावून आले आणि फक्त एवढंच म्हणाले, "सर, दुधात भाकरी कुस्करून खाऊन राहिलो मी. तुमची तब्येत बरी हाय ना?" कवळी मी उदगीरच्या एका ओळखीच्या दंतवैद्याकडे पाठवली. तो म्हणाला की असा अपघात त्याने आजवर पाहिला नाही. मी त्यात विज्ञानाचा वाटा किती, हे त्याला सांगितलं नाही.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण पालक खूश होते! "आमचा पोरगा भाजी घ्यायच्या आधी कांदा आपटून बघालाय," असं एक आई कौतुकाने सांगून गेली. मन्मथकडे गेलेली दोन पोरं परत आली. मला चेव आला आणि शनिवारी मी गृहपाठ दिला. प्रत्येकाला गेरूचा खडा आणि खडूचा तुकडा वाटला आणि म्हणालो, "घरी जाऊन वस्तू तपासा आणि खूण करा."

वस्तू म्हणजे काय, याची व्याख्या मी केली नाही. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने भिंत ही वस्तूच आहे. दुर्दैवाने पोरं मन लावून शिकली होती.

रविवारी सकाळी मी दूध आणायला निघालो तर सगळी गल्ली रंगलेली. कुणाच्या भिंतीवर लाल फुली, कुणाच्या दाराशेजारी पांढरा गोल. चहाच्या टपरीचा खांब कच्चा, पाण्याची टाकी पक्की, मन्मथच्या फलकाच्या प्लायवूडवर तर 'मेडिकल' या अक्षरांच्या बरोबर वर फुली. कोपऱ्यावर माणसं जमली होती आणि हळू आवाजात बोलत होती. मला काही समजेना.

बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल. भूकंपाला तेव्हा तीन-चार वर्षं होऊन गेली होती. आमच्या लातुरात मोठी पडझड झाली नाही, पण जवळपास प्रत्येकाचं कुणीतरी किल्लारीकडच्या गावांत होतं. त्यानंतर सर्व्हेवाले गावोगाव फिरले, भिंती ठोकून पाहिल्या आणि घराघरांवर गेरूच्या खुणा करून गेले. त्या खुणेवरून कुणाला नवं घर मिळालं, कुणाला दुरुस्तीपुरतं मिळालं, कुणाला काहीच मिळालं नाही. तेव्हापासून आमच्याकडे भिंतीवरची लाल खूण कुणी सहज म्हणून वाचत नाही. हे सगळं मला माहीत होतं. जगदेवीलाही माहीत होतं, आणि म्हणूनच तिने पेन्सिलचं विचारलं होतं.

"शहराचा सर्व्हे लागला!" दगडोबा माझ्या दंडाला धरून म्हणाले. "पहाटेच येऊन गेले जणू. अन् सर, आमच्या घराला गोल! तुमच्या पण गोल. त्या बाजूच्या समद्यांला फुल्या. आम्ही काय पाप केलं?"

मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी माझ्याकडे फार कीव येऊन पाहिलं. ज्याला क्लास काढता येत नाही, त्याला सर्व्हे काय कळणार, असं त्या पाहण्यात होतं. दुपारपर्यंत त्यांचा मुरुडचा पुतण्या हजर झाला, कारण सामाईक भिंतीत त्याचाही हिस्सा निघत होता.

पोरांनीच खुणा केल्या हे हळूहळू पटलं, पण त्याने काहीही सुधारलं नाही. उलट लोकांनी असा तर्क काढला की सरकारने पोरांचा क्लास मुद्दाम निवडला, म्हणजे वशिला चालायला नको. मग वशिला सुरू झाला. दगडोबांनी लायबाला चिक्की देऊन घरी नेलं आणि मागची भिंत पुन्हा तपासायला सांगितली. लायबाने चिक्की खाल्ली, नख मारलं, दगडाने ठोकलं, कान लावून ऐकलं आणि शेजारी आणखी एक गोल काढला. "एवढी चिक्की खाल्ली अन् पुन्हा गोल!" दगडोबा मला सांगत होते. नासिर दुकान सोडून धावत आला. "सर, माफ करा. पोरगी लई जिद्दी हाय. घरात अम्मीच्या पानदानाला पण फुली मारून ठेवली तिनं. अम्मी कालपासून बोलून न्हाई राहिल्या."

ज्यांना फुली मिळाली होती ते खूश होते असंही नाही. ज्यांनी वरच्या खोल्या पोरांना दिल्या होत्या त्यांची पाचावर धारण बसली. नांदेडहून एक गृहस्थ मुलाला पोचवायला आले होते; रिक्षातून उतरले, दाराची फुली पाहिली आणि बरणी खाली न ठेवता त्याच रिक्षात परत बसले. मग घरमालकांचं शिष्टमंडळ आमच्या अंगणात आलं. एक जण फुली पुसायला मागत होता, दुसरा फुली काढून मागत होता, आणि दोघेही माझ्या जाईच्या आळ्यात उभे होते. "सर, तुम्ही आपला क्लासच का न्हाई काढत?" असं जाता जाता एकाने कळवळून विचारलं.

सोमवारी तलाठी आला. त्याने आधी पाणी प्यायलं, मग चहा, आणि मग चौकशी सुरू केली.

"हा सर्व्हे कुणाच्या आदेशानं झाला?"

"सर्व्हे नाही हो. गृहपाठ आहे."

"मग गृहपाठाचा आदेश कुणाचा?"

"माझा."

"तुमचं खातं?"

मी फिजिक्स म्हणालो. त्याने तसं लिहून घेतलं. "आम्ही आत्ताच्या आत्ता सगळ्या खुणा पुसून टाकतो," मी म्हणालो. त्यावर त्याने चष्मा काढला.

"सर, तुम्ही शिकलेली माणसं. खूण सरकारी असंल तर पुसणं गुन्हा हाय. अन् सरकारी नसंल, तर ती सरकारी न्हाई हे सरकारी माणसानं ठरवाय पाहिजे. तोवर हात लावू नका."

"पण तुम्ही सरकारी माणूसच आहात ना?"

"मी पंचनामा करतो. ठरवत न्हाई."

दिवाळी तोंडावर आली होती. घरोघरी चुना भिजत पडला होता आणि रंग कुणालाच देता येईना. मी रस्त्याने चाललो की गप्पा थांबत. कॉलेजात प्राचार्यांनी "भूगर्भशास्त्राकडे वळलात म्हणे" असं विचारलं. मला हसू आलं नाही. कारण त्या आठवड्यात बालवर्गाची निम्मी सतरंजी रिकामी राहिली, आणि जगदेवी उरलेल्या पोरांना तेच गाणं त्याच उत्साहाने शिकवत होती, आणि ते मला बघवत नव्हतं. तिचं मी भलं करायला गेलो होतो. विज्ञान शिकवायचं बंद करतो म्हणालो, तर म्हणाली, "आता काय उपयोग? अन् पोरांला आवडतंय ते." भाकरीबद्दल मी लिहीत नाही.

आणि या सगळ्यात सर्वांत मोठी फुली कुठे होती? गुरुपादप्पांच्या बिल्डिंगवर. दर्शनी खांबावर, पाच वर्षांच्या हाताला जेवढी उंच काढता येईल तेवढी उंच आणि लायबाच्या हातची. गुरुपादप्पा परगावी गेले होते म्हणून इतके दिवस वाचलो. गुरुवारी ते आले, फुली पाहिली, आणि पिशवी हातात तशीच ठेवून बालवर्गाच्या दारात उभे राहिले. मागे मन्मथ होता. पुढे काय होणार हे त्याला माहीत असावं, कारण त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"बाई, खाली करा," गुरुपादप्पा म्हणाले. "दिवाळीची वाट बघायची गरज न्हाई. ह्या बिल्डिंगला फुली? माझ्या बिल्डिंगला?"

जगदेवी म्हणाली, "आप्पा, लेकरं हायत."

"लेकरं हायत म्हणून काय बी लिवायचं? कुठाय ती पोरगी? बोलवा. मला तपासून दाखवू दे. समद्यांसमोर!"

समद्यांना बोलवावं लागलंच नाही. वरच्या गॅलऱ्यांत भावी डॉक्टर पुस्तकं मिटून उभे राहिले, गल्ली गोळा झाली, दगडोबा दुरुस्त कवळी घालून पहिल्या रांगेत आले, आणि काही ना काही पंचनामा निघेल म्हणून तलाठीही येऊन थांबला. नासिरने लायबाला हाताला धरून आणलं. त्याचा चेहरा पडला होता. तिचा नव्हता.

लायबा खांबापाशी गेली. नख मारलं. काही उठलं नाही. दोन्ही हातांनी जोर लावून वाकवून पाहिलं. वाकला नाही. गोटा घेऊन ठोकलं आणि कान लावला. मग राहिली आपटायची कसोटी. तिने मान वर करून तिन्ही मजले नीट न्याहाळले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, ही उचलत न्हाई." गॅलरीत खसखस पिकली. गुरुपादप्पा हसले नाहीत.

"मग? पक्की का कच्ची?"

"पक्की," लायबा म्हणाली.

"पक्की ना? मग फुली का मारलीस?"

"तुम्ही आत झोपत न्हाई ना," ती म्हणाली. "कमलम्मा आजी झोपते. हे दादा लोक झोपतेत. तुम्ही एकटे तिकडं पत्र्यात झोपता. मालकाला माहीत असतंय ना."

आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं आणि कुणीच कधी त्यावर विचार केला नव्हता. भूकंपानंतर घरोघर अंगणात पत्र्याची शेडं उभी राहिली होती. पुढे त्यांत कुणी स्कूटर लावली, कुणी सरपण भरलं. गुरुपादप्पांच्या शेडात मात्र त्यांची बाज तशीच राहिली. थंडीत, पावसात, उन्हाळ्यात तर पत्रा नुसता तापायचा, तरी ते तिथेच. "हवा लागते," असं म्हणायचे. तीन मजल्यांचा मालक पत्र्याखाली झोपतो, यात आम्हाला वावगं वाटलं नव्हतं.

मन्मथने घसा खाकरला. "आप्पा, पोरांचं काय मनावर घेता—"

गुरुपादप्पांनी हाताने त्याला थांबवलं. पिशवी खाली ठेवली आणि ते खांबाच्या कट्ट्यावर बसले, म्हणजे लायबाच्या उंचीला आले.

"गणपती बुडवून आलो होतो," ते म्हणाले. ते तिला सांगत होते, पण ऐकू सगळ्यांना येत होतं. "अक्काच्या गावाला. माझी थोरली बहीण. दगडामातीचं घर तिचं, वर मातीचं धाबं. मला आत उकडायलं म्हणून मी बाज अंगणात टाकली. अक्का म्हणाली, आत ये, डास खातेत. मी म्हणलो, तू झोप." त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी सरळ केली. "तिनं दोनदा हाक मारली. मी गेलो न्हाई."

वरचे भावी डॉक्टर खाली बघत होते. कमलम्मा जिन्यात उभ्या राहून पदराने तोंड झाकून घेत होत्या.

"ही बिल्डिंग पक्की हाय बाळा," गुरुपादप्पा म्हणाले. "समदं लोखंड मी उभं राहून बांधून घेतलंय. खांबांला पाणी मी मारलंय. बिल्डिंगमधी काही खोट न्हाई. मीच कच्चा हाय."

लायबाने हे नीट ऐकून घेतलं. तिच्या दृष्टीने आता प्रश्न सुटला होता. खूण चुकीच्या ठिकाणी पडली होती, एवढंच. तिने खिशातून गेरू काढला आणि गुरुपादप्पांच्या कपाळाकडे पाहिलं. तिथे भस्म होतं, जागा नव्हती. मग तिने त्यांचा हात धरला, तळवा उलटा केला आणि मनगटाजवळ एक बारीकशी फुली काढली. नासिर "या अल्ला" म्हणून पुढे धावला, पण गुरुपादप्पांनी हात मागे घेतला नाही. त्यानंतर ती खांबाकडे वळली. पुसायला बंदी होती, म्हणून तिने मोठ्या फुलीभोवती पांढरा गोल काढला. "ह्याचा अर्थ काय लिवायचा?" असं तलाठ्याने मला हळूच विचारलं.

बोलली ती जगदेवी. जागेचा विषय तिने काढला नाही, भाड्याचा नाही, दिवाळीचा नाही. "आप्पा," ती म्हणाली, "आमची लेकरं डबा खाऊन तासभर झोपतेत. उद्या तुम्ही पण या. दारापाशी नुसतं टेका. उघड्या दाराशी. भर उजेडात."

"मला झोप येत न्हाई बाई."

"त्यांला तरी कुठं येते? झोपवावं लागतं."

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर गुरुपादप्पा खरंच आले. काखेत स्वतःची उशी. ते उंबऱ्यापाशी असे आडवे झाले की डोकं आत आणि पाय बाहेर. कुठल्याही क्षणी अंगणात उडी मारता यावी, ही व्यवस्था. मी शुक्रवारचा दुपारचा तास बदलून घेऊन मुद्दाम तिथे बसलो होतो. थोड्याच वेळात बाहेरून उसाचा ट्रक गेला आणि खिडकीच्या काचा वाजल्या. गुरुपादप्पा उठले नाहीत, ते एकदम अंगणातच दिसले. उशी हातात होती. मला वाटलं, झालं, संपलं.

"ट्रक हाय," लायबा सतरंजीवरून म्हणाली. तिने डोळेसुद्धा उघडले नव्हते. "या, आप्पा. झोपा."

ते आले. त्या दिवशी झोपले नाहीत, पण तास संपेपर्यंत पडून राहिले. पुढच्या आठवड्यात पाय आत आले. त्याच्या पुढच्या आठवड्यात ते खिडकीखाली सरकले, कारण दाराशी ऊन लागतं म्हणे. सत्यम त्यांच्या पोटावर पाय टाकून झोपायला लागला. आणि एके दुपारी त्यांचा डोळा लागला. असे घोरायला लागले की पोरं उठून बसली. जगदेवीने सगळ्यांना खुणेने परत झोपवलं. कमलम्मा खिडकीतून बघत उभ्या होत्या. "अय्यो," त्या मला म्हणाल्या, "सर, हा आवाज मी विसरूनच गेले होते." आणि त्या रडायला लागल्या, आणि सांगायला लाज कसली, मीही रडलो.

दिवाळी आली आणि गेली. तलाठ्याचा वरून काही निर्णय आला नाही. लोकांनी त्याच्याकडे पाठ करून चुना लावून टाकला. काही पालक मन्मथकडे गेले ते गेलेच, काही राहिले. जागेचं काय ठरलं, हे मी जगदेवीला दोनदा विचारलं. तिने दोन्ही वेळा मला गप्प बसायला सांगितलं. गुरुपादप्पांनीही विषय काढला नाही. रात्री ते अजून पत्र्यातच जात. ही टांगती तलवार घेऊन मी कॉलेजात वर्तुळाकार गती शिकवत होतो.

मग एका दुपारी मन्मथ आला. हातात करारनामा, सोबत जागेचं माप घ्यायला आणलेला सुतार. पोरांची झोपायची वेळ होती. पडदे ओढलेले होते आणि आतून पंख्याबरोबर दुसराही एक जाड, संथ आवाज येत होता. "मॅडम, आप्पांना भेटायचं होतं," मन्मथ नेहमीच्या क्लासमधल्या आवाजात म्हणाला. "घरी विचारलं तर इकडं आहेत म्हणाले. आज सही करूनच टाकू."

जगदेवी दारात आली. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," ती म्हणाली. "मालक झोपलेत."